चांद्यापासून शिरोंच्यापर्यंत

'चांद्यापासून बांद्यापर्यंत' असें आपण महाराष्ट्राचें वर्णन करतों खरें. पण बांद्याकडचा आंबा घरोघर पोंचतो आणि चांदा मात्र म्हणीपुरताच उरतो. आमच्या घरीं तर या गांवाचें नांव जरा दबक्या आवाजांतच निघे. आजोबा जंगलखात्यांत कारकून होते. १९३५ सालीं त्यांची बदली अहेरीच्या बाजूस झाली तेव्हां, "सुनेला काय काळ्या पाण्यावर धाडतां?" असें पणजीनें विचारल्याचें अजून सांगतात. आजी बल्लारशापर्यंत आगगाडीनें आणि पुढें दमणींतून गेली, चार वर्षें राहिली, आणि परत आली ती अबोल होऊन. त्या चार वर्षांविषयीं ती माझ्याशीं एकदांच बोलली. तेव्हांपासून तो मुलूख पाहावयाचा होता. गेल्या पौषांत योग आला.

चंद्रपूर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमावर वसलें आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला असतां एका सशानें त्याच्या कुत्र्याचाच पाठलाग केला, आणि ससा ज्या वाटेनें धांवला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्यानें कोट घातला गेला, अशी कथा आहे. सशानें कुत्र्याला पळविल्याच्या कथा आपल्या देशांत बऱ्याच शहरांच्या नांवावर जमा आहेत; तेव्हां त्याबद्दल वाद नको. कोट मात्र खरा आणि भक्कम आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर या त्याच्या वेशींपैकीं जटपुऱ्याच्या कमानीखालून अजून साऱ्या शहराची रहदारी वाहते. तटावर माजलेलें रान काढण्याचें काम येथील तरुणांनीं २०१७ सालीं अंगावर घेतलें, त्यामुळें त्यावरून आतां थोडें फिरतां येतें. पति बीरशहा याच्या मागें राणी हिराईनें दत्तक मुलाच्या वतीनें राज्य चालविलें व पतीची समाधि बांधली. पत्नीनें पतीसाठीं बांधलेलें एवढें देखणें स्मारक आपल्याकडे विरळाच. तरी ताजमहालाची नक्कल दिवाणखान्यांत ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना हिराईचें नांवही ठाऊक नसतें.

१७५१ सालीं गोंडांचें राज्य भोसल्यांकडे गेलें, आणि १८५३ सालीं भोसल्यांचें इंग्रजांनीं खालसा केलें. पुढें चार-पांच वर्षांतच मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यानें गोंड व रोहिले जमवून बंड उभारलें. अहेरीच्या जमीनदारीणबाईंच्या लोकांनीं त्याला पकडून इंग्रजांच्या हवालीं केलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगाच्या आवारांत त्याला फांशीं दिलें. वय अवघें पंचवीस. आम्हीं शाळेंत सत्तावन्नचें बंड झांशीपर्यंत शिकलों; त्यांत हें नांव नव्हतें.

कोळसा, कागद आणि वीज यांचे कारखाने पाहून मी लवकरच बाहेर पडलों. ताडोब्याच्या वाघांचें वर्णनही करीत नाहीं, कारण वाघ पाहून आलेले गृहस्थ हल्लीं प्रत्येक गल्लींत आहेत.

कोठारी, गोंडपिपरी या वाटेनें आष्टीस पोंचलें कीं वैनगंगा लागते, आणि पूल ओलांडला कीं गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं तो चंद्रपुरांतून वेगळा झाला. जवळच चपराळ्यापाशीं वर्धा येऊन वैनगंगेस मिळते. दोघींचींही नांवें तेथेंच संपतात आणि पुढें ती प्राणहिता होते. रस्त्यानें सुरजागडच्या डोंगरांतला लोहदगड भरलेल्या मालमोटारी अखंड जात होत्या; दोन्हीं बाजूंचीं झाडें लाल धुळीनें माखलेलीं. जिल्ह्याचा शेंकडा ७० च्या आसपास भाग जंगलाखालीं आहे असें ऐकलें होतें. तें जंगल या धुरळ्यांतून प्रथम दिसलें. १९८० च्या सुमारापासून या रानांत नक्षलवादी शिरले आणि दोन बंदुकांच्या मधें आदिवासी सांपडला. तीं वर्षें कशीं काढलीं, हें विचारलें तर लोक विषय बदलतात.

अल्लापल्लीचे साग पाहावे आणि मान दुखेपर्यंत वर पाहत राहावें. याच टापूंत एका गांवीं आजोबांची कचेरी होती. मराठी येथें हळूहळू मागें पडते. माडिया, गोंडी आणि तेलुगू कानीं येऊं लागते. आजीला यांपैकीं एकही येत नव्हती. १९३७ च्या पावसाळ्यांत तिचें पहिलें मूल अकराव्या दिवशीं गेलें. आजोबा दौऱ्यावर होते, नाल्यांना पूर, वैद्य नाहीं. शेजारच्या पाड्यावरची एक माडिया बाई आली, मुलाला पुरण्याची व्यवस्था तिच्याच माणसांनीं केली, आणि तीन दिवस ती मडक्यांतून तांदळाची पेज आणून आजीला पाजीत राहिली. ती पेज प्यायल्याचें आजीनें सासूला कधींच कळूं दिलें नाहीं. मला सांगितलें तेव्हां पणजीला जाऊन तीस वर्षें झालीं होतीं, तरी आजीनें आधीं दाराकडे पाहून घेतलें. त्या बाईचें नांव आजीला माहीत नव्हतें. तिनें तें विचारलेंच नव्हतें.

म्हणून गडचिरोलीजवळच्या शोधग्रामाविषयीं मी इतरांहून निराळ्या मनानें वाचीत आलों होतों. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं या जिल्ह्यांत काम आरंभिलें. जन्मलेलें मूल रुग्णालयापर्यंत पोंचत नाहीं, तर उपचारच घरापर्यंत न्यावा, एवढी साधी त्यांची कल्पना. गांवांतल्याच थोडें शिकलेल्या बायकांना त्यांनीं मूल तोलणें, ऊब देणें, श्वास मोजणें, जंतुदोष ओळखणें आणि औषध टोंचणें शिकविलें. ३९ गांवांत हा प्रयोग झाला. पहिल्या महिन्यांत दगावणाऱ्या मुलांचें प्रमाण हजारीं ६० च्या वर होतें तें तीन वर्षांत २५ च्या घरांत आलें. हा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापला गेला, आणि पुढें देशभरच्या 'आशा' सेविकांना हेंच काम शिकविण्यांत आलें. तिकडे भामरागडच्या रानांत हेमलकसा येथें १९७३ पासून आमट्यांचें लोकबिरादरीचें काम आहेच. आजीला हें सर्व कित्येक वर्षें आधीं हवें होतें.

शिरोंच्यास एकच दिवस राहिलों. एके काळचें हें जिल्ह्याचें ठाणें. प्राणहिता येथें गोदावरीस मिळते आणि पैलतीरीं काळेश्वर. बाजारांत तेलुगूच चालते. माझ्या मराठीला एका दुकानदारानें सौजन्यानें हिंदींत उत्तर दिलें.

परततांना धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा या गांवीं उतरलों. गांव लहान, गोंडांचें. येथें निर्णय बहुमतानें होत नाहीं. सर्वांचें एकमत होईपर्यंत बोलणें चालतें. २००६ च्या कायद्यान्वयें २००९ सालीं या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना जंगलखात्याचाच लागे. बांबू हें झाड कीं गवत, असा वाद पडला. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत तो गवताच्या कुळांत दाखविलेला असतो, आणि कायद्यांतही तो गौण वनोपज म्हणूनच आहे. पण कचेऱ्या पुस्तकें उघडीत नाहींत. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें.

परवाने लिहिणें हेंच आजोबांचें काम होतें. परवान्यावांचून बांबूचा भारा नेणाऱ्या माडियाला दिवसभर कचेरीबाहेर बसवून ठेवल्याची हकीकत ते मोठ्या कर्तव्यबुद्धीनें सांगत; त्याच पाड्यावरची पेज आपल्या घरांत आली होती हें त्यांना शेवटपर्यंत कळलें नाहीं. मेंढ्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. मी कोण, कुठला, असें त्यानें विचारलें. आजोबांचें काम सांगितलें तेव्हां तो बराच वेळ हंसला.

"म्हंजे तुमचा आजा आमचा कागद लिवत होता," तो म्हणाला, "आता आमीच लिवतो."

पेजेची गोष्टही त्याला सांगितली. यावर तो हंसला नाहीं. कोणतें गांव, कोणता पाडा, हें त्यानें दोनदां विचारलें. मला नांव सांगतां येईना. मग त्यानें घरांतून पाण्याचा गडवा मागविला.

रात्रीं वडशास आलों तो झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. मंडपांत जमिनीवर बसलेलीं हजारभर माणसें, बायका मुलांना पांघरुणांत घेऊन, आणि रंगमंचावर सासू-सुनेचें कांहींतरी भांडण. माझ्या शेजारच्या बाईनें सरकून तरटावर जागा दिली. खेळ पहांटे संपला. गाडीला अजून दीड तास होता.