अंगठा कोणाचा?

आपण आपणच आहों, हें सिद्ध करण्याचा प्रसंग मनुष्यावर सहसा येत नाहीं. आमच्या थोरल्या काकूंवर तो वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं आला, आणि तोही साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत. "आपणच त्या, हें कशावरून?" असें समोरच्या वकिलांनीं विचारलें. काकू क्षणभर स्तब्ध राहिल्या आणि म्हणाल्या, "साठ वर्षें ह्या नांवानें हांक मारतात आणि मी ओ देतें. आणखी काय सांगूं?" न्यायालयांत हंशा पिकला. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं.

हकीकत अशी. खेड तालुक्यांत इंद्रायणीच्या बाजूस निघोजे म्हणून गांव आहे. तेथें आमच्या घराण्याची अठरा गुंठे जिराईत जमीन. थोरल्या काकांच्या मागें ती काकूंच्या नांवावर लागली. आजोबांच्या वेळीं तेथील ज्वारी पुण्यास घरीं येत असे. पुढें मुलें नोकऱ्यांस लागलीं आणि जमीन आमच्यापुरती सातबाऱ्याच्या उताऱ्यावरच काय ती उरली. इकडे चाकणची औद्योगिक वसाहत पसरत आली. २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तो निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी ह्यांच्याच परिसरांत. ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, त्याला गिऱ्हाइकें येऊं लागलीं. हें आम्हांस कळलें नाहीं. ज्यांना कळावयास नको होतें, त्यांना मात्र कळलें.

२०१३ सालीं बांधाशेजारच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "वहिनीसाहेब, जमीन विकलीत आणि आम्हांला विचारलंही नाहीं?" आम्हीं धांवपळ करून खरेदीखताची नक्कल मिळविली. नांव काकूंचें, वय काकूंचें, मतदार ओळखपत्रही काकूंच्या नांवाचें. छायाचित्र मात्र कोणा अनोळखी वृद्धेचें. सहीच्या जागीं डाव्या अंगठ्याची निशाणी! ज्या काकूंनीं आमच्या घरांतील तीन पिढ्यांकडून कित्ता गिरवून घेतला, त्यांच्या नांवापुढें अंगठा! काकूंनीं छायाचित्र निरखून पाहिलें आणि त्या म्हणाल्या, "माझ्यासारखी दिसावी म्हणून हिला नऊवारी नेसवलें आहे. मी पांचवारी नेसतें, एवढीही चौकशी केली नाहीं मेल्यांनीं."

तोतया हा प्रकार आपणांस नवा नाहीं. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नांवानें एक तोतया उभा राहिला, आणि १७७६ सालीं त्याला पुण्यांत देहान्त शासन झालें. तोतयेगिरीला आळा बसावा म्हणूनही बोटांचा ठसा सरकारदप्तरीं आला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बंगालमध्यें हुगळीस १८७७ सालीं विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दस्तनोंदणीच्या वेळीं बोटांचे ठसे घेण्याची पद्धत घातली. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत २००१ च्या दुरुस्तीनें छायाचित्र व ठसे हीं दोन्हीं आवश्यक झालीं. तथापि ठसा जुळविण्यास आधींचा ठसा लागतो. दोन ओळखदारांनीं "हीच ती" असें सांगितलें, कीं दप्तर तें खरें मानून पुढें जातें.

पोलिसांना ती बाई सांपडली. खेड्यांतील मोलमजुरी करणारी निराधार विधवा. दहा हजार रुपये आणि तें लुगडें, हा तिचा मोबदला. बाकीची रक्कम दलालाच्या खात्यांत गेली होती. कनिष्ठ न्यायालयानें दोघांनाही तीन-तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि दोघांनींही अपील केलें.

अपिलांत दलालाच्या वकिलांनीं जो मुद्दा मांडला, तो ऐकून आम्ही चकित झालों. तामिळनाडूंत एका बाईच्या जागीं दुसरीच उभी करून मुखत्यारपत्र नोंदविलें गेलें होतें. खालच्या न्यायालयांनीं मुखत्याराला दोषी धरलें, उच्च न्यायालयानें सोडलें, आणि मे २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेंच कायम केलें. ती तोतयी बाई कोण, हें तपासांत निष्पन्नच झालें नव्हतें. आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ४६४ प्रमाणें ज्यानें खोटा दस्त स्वतः केला, तोच बनावटीचा गुन्हेगार, असा त्या निकालाचा आशय. "अंगठा माझ्या अशिलाचा नाहीं," एवढेंच आमच्या प्रकरणांत वकील पुनःपुन्हा सांगत होते. कायदा काटेकोर असावा, हें आम्हांसही मान्य आहे; संशयावर कोणासही तुरुंगांत धाडूं नये. परंतु त्या काटेकोरपणाचें टोंक अखेर कोणाला रुतत होतें? ज्या हाताला अक्षर येत नव्हतें, त्याच हाताला.

त्या रात्रीं घरांत मोठा वाद झाला. काकू म्हणाल्या, "त्या बाईची शिक्षा कमी व्हावी, असें मी न्यायालयांत कळविणार." आमचे धाकटे बंधू संतापले. "आज हिला सोडलें, तर उद्यां दुसरी बसेल. शिक्षेचा धाक नको?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. काकू शांतपणें म्हणाल्या, "धाक हवाच. पण अंगठा तिचा असला, तरी मनगट दुसऱ्यानें धरलें होतें. आणि अरे, अकरा वर्षांत आपल्यापैकीं एकाचाही पाय त्या शेताला लागला नाहीं. शेजाऱ्याला मी कशी दिसतें हें ठाऊक होतें. ओळखदार म्हणून मात्र परके आले. ह्यांत आपला कांहींच दोष नाहीं का?" ह्यावर कोणापाशींही उत्तर नव्हतें.

सरकारी वकिलांमार्फत काकूंचें म्हणणें न्यायालयापुढें गेलें. दलालावरील बनावटीचा आरोप टिकला नाहीं. फसवणुकीचा व कटाचा टिकला आणि त्याची शिक्षा कायम राहिली. बाईचा दोष कायम झाला. पण जामीन राहण्यास कोणी न मिळाल्यामुळें तिनें जे सात महिने तुरुंगांत काढले होते, तेवढ्यावरच तिची शिक्षा संपली. खरेदीखत रद्द करण्याचा अधिकार नोंदणी कचेरीला नाहीं; त्यासाठीं दिवाणी दावा लावावा लागला, आणि तो अद्याप चालूच आहे.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांची गांवीं वडिलोपार्जित जमीन असेल, त्यांना एवढेंच सांगणें कीं, वर्षांतून एकदां तरी बांधावर जाऊन शेजाऱ्यांस भेटावें, आणि सातबारा व फेरफार पाहत जावे. उतारा आतां सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. फेरफाराची नोटीस आली, तर हरकतीची पंधरा दिवसांची मुदत दवडूं नये.

आमच्या घरीं हें काम नातवाकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस काकू त्याला जवळ बसवून घेतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, "बघ रे, मी अजून मीच आहे ना?"