पिंजऱ्यात बकरी होती का?

सातवीकडून एक अख्खं पुस्तक वाचून घ्यायचं, हे मी दिवाळीच्या सुट्टीतच ठरवलं होतं. पुस्तक निवडलं मोगलीचं. किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं, त्याचा मराठी अनुवाद. खरं तर त्या सुट्या कथा, आणि सगळ्या काही मोगलीच्या नाहीत. पण त्याच्या तेवढ्या ओळीनं घेतल्या की पोरांना ती कादंबरीच वाटते. मीही ती समजूत मोडली नाही.

आमची शाळा तळोद्याच्या बाजूची, सातपुड्याच्या पायथ्याशी. समोर ऊस, मागे डोंगर. वर्गात घरी मराठी बोलणारी दोनच मुलं. बाकीच्यांची भाषा भिली, चार-पाच जणांची पावरी. म्हणून तयारी जय्यत केली होती. अवघड शब्दांचा तक्ता, प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता, आणि सुरुवातीला चर्चेसाठी एक प्रश्न: प्राणी विचार करतात का? मला वाटलं, दोन तट पडतील, तास रंगेल.

कुणी तोंडच उघडलं नाही. शेवटी धडगावकडचा एक मुलगा म्हणाला, “करतात ना, मॅडम.” सूर असा, की हे काय विचारायचं झालं? त्याच्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे. त्याचा आजा बकऱ्या घेऊन वर गेला की वाघाचं नाव तोंडातून काढत नाही, कारण वाघ ऐकतो. माझा प्रश्न तिथंच निकालात निघाला.

मग नावावरून हशा. मोगली! अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत देवमोगरा आहे. तिथली याहामोगी ही इथल्या घराघरातली देवी, महाशिवरात्रीला तिची यात्रा भरते. एकीच्या आजीचंच नाव मोगीबाई. “मॅडम, हा पोरगा की पोरगी?” मी पोरगा म्हटलं, तरी दोन दिवस मागच्या बाकांवर ‘मोगली गेली, मोगली आली’ चालू होतं.

नकाशाचा तास मात्र साधला. गोष्ट घडते ती शिवनीच्या डोंगरात, मध्य प्रदेशात. भिंतीवरच्या नकाशात एकानं तोरणमाळवर बोट ठेवलं आणि पूर्वेकडे सरकवत नेलं. डोंगराचा तपकिरी पट्टा सोडायचा नाही, अशी त्याची त्यानंच अट घातलेली. बोट शिवनीला पोचलं. म्हणजे सातपुडाच! गोष्टीतली वैनगंगा पुढे आपल्या भंडाऱ्यात येते, हेही दाखवलं. किपलिंगनं हे सगळं अमेरिकेत बसून लिहिलं, ते मी सांगितलं नाही. उगाच कशाला?

घोडं अडलं ते बघीरापाशी. तक्त्यावर त्याच्या चित्राखाली मी हौसेनं लिहिलं होतं: मोगलीचा जिवलग मित्र. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “हा बिबट्याच ना?”

“हो, काळा बिबट्या.”

तिनं वही मिटली. मागच्या पावसाळ्यात तिच्या ओट्यावरून बिबट्यानं बकरी ओढून नेली होती. उसाच्या कडेच्या गावांत तेव्हा माणसांवरही हल्ले झाले होते. बायका घोळक्यानं शेतात जायच्या, पोरं थाळ्या वाजवत पुढं. हे सगळं मला ठाऊक होतं. मीही अंधार पडायच्या आत खोलीवर परतत होते. आणि तरी तक्ता रंगवताना माझ्या डोक्यात बिबट्या आलाच नव्हता, आला होता तो फक्त बघीरा.

पुस्तक दोन दिवस बंद ठेवलं. म्हटलं, आधी तुम्ही सांगा. मग जो तो आपापला बिबट्या घेऊन उठला. कुणाचा कुत्र्यावर टपलेला, कुणाचा केळीच्या बागेत बछडी घेऊन बसलेला. सांगणारा भिलीत सुरू व्हायचा, शेजारचा मराठीत पुरं करायचा, मी फळ्यावर लिहायची. वहीवालीनं पिंजऱ्याचं सांगितलं. वनखात्यानं उसाच्या बांधावर लावलेला, आत जाळीपलीकडे बांधलेली बकरी. रात्रभर ती ओरडायची आणि घरात कुणाला झोप यायची नाही. आईनं कानांवर गोधडी घेतलेली.

तिसऱ्या दिवशी वाचायला घेतलं. शेरखान लंगडा आहे, म्हणून गुरं मारतो, हे वाचताच धडगावकर मुलानं मान हलवली. आजाही असंच म्हणतो. लांडग्यांच्या सभेला कुणीतरी पंच म्हणून मोकळा झाला. तक्ता मी केव्हाच उतरवला होता. मग बघीरा मोगलीला आपल्या हनुवटीखालचा भाग चाचपायला सांगतो, ती जागा आली. तिथं केस गेलेले, पट्ट्याचा वण. तो जन्मला उदयपूरच्या राजवाड्यात, पिंजऱ्यात. माणसांच्या रीती त्याला कळतात त्या तिथल्याच.

वर्ग गप्प झाला. पुढच्या बाकावरून हळूच आवाज आला, “मॅडम, त्या पिंजऱ्यात बकरी होती का?”

मी पान मागे उलटलं. लोखंडी भांड्यातून त्याला गजांआड खायला घालत, एवढंच होतं. बकरी नव्हती, म्हटलं.

तिनं बोट ओळीवर ठेवलं. “आता मी वाचते.”