लेकरू कुणाचं देणं लागतं?

मूल होऊ द्यायचं की नाही, यावर लग्नानंतर आम्ही दोघं बराच काळ अडून बसलो होतो. कारण पैशाचं नव्हतं. नांदेडला दोघांच्याही नोकऱ्या होत्या, घर भाड्याचं असलं तरी भागत होतं. अडचण वेगळीच होती. देव, स्वर्ग, पुनर्जन्म यांतलं आम्ही काहीच मानत नाही. मेलं की संपलं. मग जे एक दिवस पुरतं संपणार आहे असं माणूस, त्याला न विचारता, स्वतःच्या हौसेपायी जगात आणायचं का? नवऱ्याने हे पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा मी हसले होते. रात्री मात्र झोप लागली नाही.

दिवाळीत गावी गेले, तेव्हा काकूने नेहमीप्रमाणे पाळण्याचा विषय काढला. मी तिला खरं ते सांगून टाकलं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमच्या मतानं पुढं काहीच नाही. मग मरायलाच जन्माला घालायलीस का लेकरू?”

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी तासभर वाद घातला असता. पण काकू किल्लारीची आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. वडील लातूरला शिक्षक होते, म्हणून आम्ही लातूरला. काका-काकू आणि त्यांची दोन लेकरं गावातल्या जुन्या घरात. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती आणि वर माळवद. ऊन लागू नये म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवायचा. पिढ्यान् पिढ्या चढवलेली ती माती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली. गावात कुणी तो आकडा मानत नाही, सगळे त्याहून मोठा सांगतात. काका मिरवणुकीनंतर बाहेरच थांबले होते, ते वाचले. काकूला उकरून काढलं. लेकरं सापडली ती दुपारी. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार.

नंतर पाऊस लागला. लाकडं पुरेनात, एकेका चितेवर अनेक जण ठेवले. कुणाची राख कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. काकूला दोघांचं काहीतरी करायचं होतं. इतक्या लहान लेकरांचं श्राद्ध नसतं, असं तिला सांगितलं गेलं. तरी ढिगाऱ्यातली मूठभर माती घेऊन काका तिला नांदेडला गोदावरीवर घेऊन गेले आणि ती माती त्यांनी पाण्यात सोडली. शास्त्रात बसत नव्हतं. तिला बसवायचंही नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर काकूचं ऑपरेशन झालेलं होतं. तेव्हा आमच्या भागात अशा बऱ्याच बायका होत्या. दोन-तीन लेकरं झाली म्हणून ऑपरेशन करून घेतलेलं, आणि एका रात्रीत घर रिकामं. काहींच्या नवऱ्यांनी दुसरी लग्नं केली. काहींनी नस परत जोडून घेतली. काकूने जोडून घेतली. १९९५ साली माझा चुलतभाऊ झाला. त्याच्या डाव्या कानामागे तीळ होता. थोरल्यालाही तिथेच होता, असं काकू म्हणते. घरातल्या कुणालाच ते आठवत नाही, पण कुणी तिला तसं म्हटलंही नाही. नाव थोरल्याचंच ठेवलं.

तिच्यासाठी तो परत आला होता. मी आजही याला चूक म्हणायला धजणार नाही. त्या विश्वासावर ती उठून उभी राहिली, पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली, नव्या किल्लारीत रांगेतलं घर मिळालं तेव्हा अंगणात तुळस लावली. आमच्यासारख्यांकडे तिला द्यायला असलं काहीच नव्हतं.

पण चुलतभावाचं काय? तो कॉलेजला नांदेडला आमच्याकडे राहिला. गूळ-शेंगदाणे त्याला आवडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. घरी तो रोज खायचा, कारण थोरल्याला आवडायचे. एकदा गच्चीवर मला म्हणाला, “ताई, बाकीच्यांना आईबाप विचारतात, मोठेपणी कोण होणार. मी कोण ते मी व्हायच्या आधीच ठरलं होतं.” तक्रारीच्या सुरात नव्हतं ते. तो आईवर जीव टाकतो. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातला प्रश्न जरा सरकला. पुढे काहीतरी आहे असं मानणाऱ्यांची लेकरंही न विचारताच आणलेली असतात. वरून त्यांच्यावर आधीचं ओझंही असतं.

आपल्याकडे पितृऋण म्हणतात ते हेच. मूल जन्माला घालून माणूस पूर्वजांचं देणं फेडतो, मुलगा बापाला नरकातून सोडवतो. मनुस्मृती हे स्पष्टच सांगते. म्हणजे लेकरू पहिला श्वास घेतं ते वसुलीच्या यादीत नाव घालूनच. नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीवर व्याख्यानं दिली. ते नांदेडचे, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, उघड नास्तिक आणि संसारी. १९८२ साली ते गेले, तेव्हा मी नुकती चालायला लागले असेन, त्यामुळे त्यांना ऐकल्याचा दावा करत नाही. पण या गावात नास्तिक असणं म्हणजे संसारातून उठणं नव्हे, हे आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. उलट टोकाला र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारा, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारा, देव न मानणारा हा माणूस. त्यांनी स्वतः मूल होऊ दिलं नाही. दोघांकडे बघून मला एवढंच कळलं की नास्तिक असण्यातून ‘मूल हवं’ही निघत नाही आणि ‘मूल नको’ही निघत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं, आणि नंतर ‘देवाने दिलं’ म्हणायची सोय नाही.

२०१९ मध्ये मुंबईतल्या एका तरुणाने, मला न विचारता जन्म दिला म्हणून आईवडिलांवर खटला भरणार असं जाहीर केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. आमच्या घरात कुणी हसलं नाही. त्याचं म्हणणं मला पटत नाही, पण तो देणं कुणाकडे मागतोय ते बरोबर आहे.

आम्हाला मुलगी झाली, ती या बातमीच्या आणि चुलतभाऊ कॉलेजला यायच्याही आधी. हो-नाही करता करता शेवटी नवराच म्हणाला, “कारण शोधून सापडणार नाही. आपल्याला हवंय, एवढंच खरं आहे.” मग ते खरंच धरून चालायचं ठरलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात ती सहा वर्षांची होती. लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती आणि मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आई-वडील लातूरलाच, टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेले. त्याच उन्हाळ्यात वडील गेले. पाण्याने नाही, हृदयविकाराने. पण माझ्या मनात त्या दोन्ही गोष्टी एकत्रच राहिल्या आहेत. मेल्यावर काय, यावर आम्ही केवढा खल केला होता. जगताना प्यायला पाणी असेल का, हे विचारायचं डोक्यात आलंच नव्हतं. लेकरू आणणाऱ्याने खरं तर आधी हेच विचारायला हवं, आस्तिक असो की नास्तिक.

मुलीने विचारलं, “आबा कुठे गेले?” काकू तिथेच होती. ती म्हणाली, “देवाच्या घरी.” मुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “कुठेच नाही गेले. आता ते नाहीत. आपल्याला आठवतात तेवढेच आहेत.”

“मी पण नसेन?”

“हो. खूप वर्षांनी.”

“मग मला आणलं कशाला?”

काकूने माझ्याकडे असं पाहिलं, की दिवाळीतला तिचा प्रश्न आता नातीने विचारला, दे उत्तर. उत्तर नवऱ्याने दिलं. “आम्हाला तू हवी होतीस म्हणून. तुझ्यासाठी नाही, आमच्यासाठी.”

मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग माझ्यावर ओरडायचं नाही.”

काकू त्या सुतकातही हसली. मीही हसले, पण हिशेब पोरीने बरोबर मांडला होता. आमची हौस म्हणून ती आली, तर देणेकरी आम्ही. ती आमचं काहीच देणं लागत नाही. म्हातारपणी सांभाळणंही नाही. ओरडायचं मात्र पुढेही राहून गेलं नाही, आणि दर वेळी ती मला हे वाक्य ऐकवते.

आम्ही दोघांनी देहदानाचे अर्ज भरले आहेत. काकूला ते मुळीच आवडलं नाही. ती म्हणते, तुमचं काहीही असो, मागे राहणाऱ्या लेकराला काहीतरी करायला लागतं, हातात धरायला मूठभर माती तरी लागते. हे तिचं मला पटतं. म्हणून मुलीला सांगून ठेवलंय, तुला जे करावंसं वाटेल ते कर, आमच्या मताची अडचण धरू नकोस.

मागच्या वर्षी चुलतभावाला मुलगा झाला. बारशाच्या आधी त्याने काकूला बजावलं, घरात आजवर कुणाचंच नसलेलं नाव ठेवायचं, आणि कानामागे कुणी बघायचं नाही. काकू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच पाच-सहा नावं सुचवली. त्यांतलं एक ठेवलं. कानामागे तिने बघितलं की नाही, ते मी विचारलेलं नाही.