मास्तरांचा अर्ज

आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

पौडमधल्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, "स्टँडवरचे मास्तर आठवतात का?" आधी हसतील, मग गप्प होतील. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, घरची माणसं तालुक्यातच आहेत. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. अक्षर मोत्यासारखं, म्हणून मास्तर.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, काखेत कापडी पिशवी. पिशवीत फूलस्केप कागद आणि त्यावर एकच अर्ज, पुन्हा पुन्हा लिहिलेला. विषय : धरणाचे पाणी सोडून आमचे गाव आम्हांस परत मिळणेबाबत. हा अर्ज ते कचेरीत द्यायचे, एसटीच्या कंडक्टरला द्यायचे, मलाही द्यायचे. "पत्रकारसाहेब, येत्या रामनवमीला पाणी उतरतंय. बातमी लावा." आणि रामनवमीला खरंच वळकटी घेऊन स्टँडवर येऊन बसायचे. ताम्हिणीकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायचे. गावाला जायचं म्हणून.

बाहेरच्या माणसाला हे निव्वळ वेड वाटेल. मुळशीकराला तसं म्हणता येणार नाही. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्याच दिवशी, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. तरी धरण झालंच. खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. त्यात मास्तरांच्या आजोबांचं घरही होतं. म्हणजे अर्जातला पहिला परिच्छेद अगदी खरा. आजार दुसऱ्या परिच्छेदात सुरू व्हायचा. पाण्याखालून आजी हाका मारते, गाव परत मिळू नये म्हणून कुणीतरी आपल्या चहात औषध कालवतं, वगैरे.

गाव त्यांच्याशी कसं वागलं? दोन्ही तऱ्हेने. हॉटेलवाला रोज सकाळी चहा-पाव द्यायचा, एक नवा पैसा घेतला नाही. मास्तरांचा संशय माहीत असल्यामुळे त्यांच्यासमोर आधी स्वतः घोट घ्यायचा. सलूनवाला महिन्याला दाढी करून द्यायचा. आणि शाळा सुटली की पोरं "पाणी आलं, पाणी आलं" ओरडत मागे लागायची, खडे मारायची. शेजारी उभी मोठी माणसं हसायची.

घरी त्यांची थोरली वहिनी. तिने आधी देवऋषी केला, उतारे केले, अंगारे लावले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून येरवड्याला मनोरुग्णालयात घेऊन गेली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हणून निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या. हे फार कमी जणांना माहीत आहे, पण त्यानंतर जवळपास सहा महिने मास्तर स्टँडवर दिसलेच नव्हते. भावाच्या किराणा दुकानात बसून उधारीची वही लिहीत होते. हिशोब पैशाला पैसा जुळायचा. आजीच्या हाका बंद झाल्या होत्या.

मग दुकान बंद पडलं. भाऊ आजारी पडला. गोळ्या आणायला दर महिन्याला दोन गाड्या बदलून पुण्यात जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, हे त्या माऊलीला एकटीला जमेना. गोळ्या सुटल्या आणि मास्तर परत स्टँडवर आले. काही वर्षांनी एका पावसाळ्यात तापाने गेले. औषध लागू पडत होतं हो. फक्त ते पौडात मिळत नव्हतं.

हे आत्ताच का लिहितोय? गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या तीन-चार ग्रुपवर एका अनोळखी माणसाचा फोटो फिरला. वाढलेली दाढी, फाटके कपडे, खांद्याला पोतं. खाली मजकूर : "संशयित इसम, मुलांना सांभाळा, दिसल्यास चोप द्या." कुणी पाहिलं, काय पाहिलं, काही पत्ता नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. विसरलो का आपण? ते पाचही जण स्वतःबद्दल सांगू शकत होते, तरी कुणी ऐकलं नाही. ज्याला स्वतःचं नावही धड सांगता येत नाही, त्याचं काय होईल? मास्तर आज असते आणि चुकून शेजारच्या तालुक्यात गेले असते, तर हाच फोटो त्यांचा असता.

कायदा काय सांगतो ते नीट वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, कलम 100 पाहा. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. 24 तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर घरच्यांचा शोध घ्यायचा. अशा माणसाला साखळीने बांधून ठेवणंही या कायद्याने बंद केलंय.

आणि हे होऊ शकतं. आपल्या शेजारच्या कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था हेच काम करते. रस्त्यावरचे मनोरुग्ण आणायचे, उपचार करायचे, बोलते झाले की घर शोधून पोचवायचे. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. वर्षानुवर्षं हरवलेली माणसं औषधं सुरू झाल्यावर आपल्या गावाचं नाव सांगतात.

आता मागणी. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ कोणत्या वारी येतात आणि या गोळ्या मिळतात का, हे दर्शनी फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. येत नसतील तर महिन्यातून दोन दिवस तरी यावेत, यासाठी लोकप्रतिनिधींनी पत्र द्यावं. आशाताईंना घरोघरची माहिती असते, त्यांना विचारा. आणि तुमच्या घरात कुणी असं असेल तर लपवू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

असा फोटो पुन्हा आला तर पुढे ढकलू नका. पोलिसांचा 112 लावा, आणि ते येईपर्यंत त्या माणसाला चहा द्या. नको म्हणाला तर आधी स्वतः एक घोट घ्या.