आमच्या छतावरची माती कुठं गेली?

राजेहो, मे महिन्यात रात्री अकराला बातम्या पाठवून वर झोपायला गेलो की स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो. कूलरही दमट वाराच फेकतो. बाबांनी तर मागच्या उन्हाळ्यात ती खोलीच सोडली. नागपुरानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत, कामठी काही वेगळी नाही.

बाबा म्हणाले, "आपल्या बुलढाण्याच्या घरावर माती होती रे."

धाब्याचं घर. लाकडांवर काड्या, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात वर गवत उगवायचं. आता यालाच 'ग्रीन रूफ' म्हणतात! माती ऊन स्लॅबपर्यंत पोचू देत नाही, झाडं पानांतून पाणी सोडून हवा थंड करतात, अन् पावसाचं पाणी एकदम नालीत धावत नाही.

पण उद्याच गच्चीवर माती टाकू नका. दहा सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे भरते. आधी इंजिनिअरला दाखवा, वॉटरप्रूफिंग करा. आमचा स्लॅब जुना, म्हणून आम्ही फक्त चुना मारला अन् कडेला ड्रममध्ये दोडक्याचे वेल चढवले. भांडी विसळलेलं पाणी त्यांनाच जाते.

नव्या इमारतीत मात्र हे वजन नकाशातच धरता येते. शाळा, दवाखाना बांधायला निघाला की वॉर्डातल्या नगरसेवकाला एवढंच विचारा: एप्रिलमध्ये पेपर लिहिणाऱ्या पोरांच्या डोक्यावर काय असणार? नुसता स्लॅब?