पहाटेचा फुसका बार

आमोण्यास मांडवीच्या काठी आमचे थोडे वायंगणाचे शेत आहे. पौष लागला की रानडुकरांचा कळप भल्या पहाटे त्यात उतरतो, हे आमच्या घरी पंचांगात लिहिल्यासारखे झाले आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा असल्याने त्यांच्या अंगावर बार टाकता येत नाही, आणि आम्हांस त्याची हौसही नाही. पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली आमची बंदूक केवळ आवाजाची धनी आहे. परंतु २०२५ च्या जानेवारीत तिने तो आवाजही सोडला. चाप ओढावा, आत घोडा पडल्याचा कोरडा ‘खट्’ ऐकू यावा, आणि डुकरांनी क्षणभर मान वर करून पुन्हा रोपांत तोंड घालावे! तीन पहाटांत पाऊण कुणगा लोळवला गेला.

बंदूक जुनी खरी. हाताने पुढची मूठ मागेपुढे सारून काडतूस भरण्याचा जो प्रघात अमेरिकेत जॉन ब्राउनिंगच्या १८९३ व १८९७ सालच्या नमुन्यांनी रूढ केला, त्याच कुळातली ही बारा बोरची. पोर्तुगीज अमलाच्या अखेरच्या वर्षांत आजोबांनी ती आफ्रिकेहून परतलेल्या एका गृहस्थांकडून घेतली. पुढे तिची सारी निगा वडिलांकडे होती. २०२३ साली वडील गेले, परवाना आमच्या नावावर झाला, आणि निगा मात्र कोणी न सांगता थोरल्या काकांनी आपल्याकडे घेतली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी रिवाजाप्रमाणे पोलीस ठाण्यात ठेवलेली बंदूक मतमोजणीनंतर परत आली, तेव्हा पावसाळ्याच्या भयाने काकांनी तिला अगदी न्हाऊमाखू घातले. ही गोष्ट तेव्हा आम्हांस कौतुकाची वाटली होती.

गावात निदानांस तोटा नसतो. पहिला संशय काडतुसांवर गेला. दमट हवेत ती मेली असतील म्हणून नवी आणली; तीही मुकी राहिली. मग शहरातल्या परवानाधारक कारागिरांकडे बंदूक नेली. त्यांनी भर दुपारी दोन बार काढून दाखवले आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, आम्ही निमूटपणे घरी आलो. दुसऱ्या पहाटे पुन्हा ‘खट्’! शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी तर सरळच सांगितले की, ती वेळ ग्रामदैवत बेताळाच्या फेरीची आहे आणि त्या वेळी गावच्या हद्दीत दुसऱ्या कोणाचा आवाज चालायचा नाही. आम्ही हसलो. आज वाटते, त्यांच्या बोलण्यातली वेळ तरी आम्ही नीट ऐकायला हवी होती.

आणखीही एक तक्रार होती. बार फुसका गेल्यावर मूठ मागे ओढू जावे तर ती जागची हलत नसे. त्यामुळे आत काही वाकले आहे अशी आमची खात्रीच झाली. अर्थात फुसका बार म्हणजे गेलेला बार नव्हे. काडतूस उशिराने पेट घेऊ शकते, म्हणून नळी मोकळ्या शेताकडे धरून अर्धा मिनिट थांबावे, ही वडिलांची शिकवण आम्ही त्या घाईतही मोडली नाही.

पुढे एका संध्याकाळी आम्ही ती न उडालेली काडतुसे आणि कारागिरांकडची रिकामी झालेली टरफले शेजारी शेजारी मांडली. दुपारच्या टरफलांच्या बुडाशी सुईचा खळगा खोल होता. पहाटेच्या काडतुसांवर नुसते नख लागल्यासारखे बोट उमटले होते. दारूचा दोष नव्हता, घावच कमी पडत होता. घोड्याची स्प्रिंग म्हातारी झाली म्हणावी, तर ती दुपारी तरुण कशी होते?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सापडले. वहिनींनी न्हाण्याआधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवली होती. आतले तेल पांढरेफटक थिजलेले.

खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजू लागते, आणि आमच्याकडे पौषातली पहाट त्याहून थंड असते. कारागिरांनी बोल्ट उघडला, तेव्हा सुई ज्या छिद्रातून पुढे झेपावते ते छिद्र जुन्या दारूच्या काजळीने आणि मेणासारख्या चिकट लगद्याने भरलेले निघाले. घोडा जोराने पडे, पण त्याचा घाव त्या लगद्यातच जिरे. दुसरी तक्रार तर पहिलीचीच लेक होती. या घडणीत बार झाला की मागे बसणाऱ्या धक्क्याने मूठ किंचित पुढे सरकते व अडसर सुटतो. बारच नाही, तर धक्का नाही, आणि धक्का नाही, तर मूठ सुटत नाही. ती आपल्या हाताने जराशी पुढे ढकलावी लागते, एवढेच. काही वाकले नव्हते की मोडले नव्हते. रॉकेलने धुणे, कोरडे पुसणे आणि पातळ तेलाचा नुसता हात फिरवणे, इतकीच दुरुस्ती. पुढल्या पहाटे पहिल्याच चापाला बार झाला आणि कळप डोंगराकडे पळाला.

राहिला प्रश्न काकांना सांगण्याचा. काकांचा हात ठासणीच्या बंदुकीवर तयार झालेला. तिचा घोडा बाहेर असतो आणि थेट टोपीवर पडतो. थिजलेल्या तेलात अडकेल अशी सुईच तिला नसते. तिला त्यांनी जन्मभर खोबरेल घातले, आणि ती कधी अडली नाही. धाकट्या भावाच्या बंदुकीवर त्यांनी तोच जीव लावला होता. दोन दिवस आम्ही शब्द जुळवत राहिलो. शेवटी ओट्यावर जे घडले तसे सांगून टाकले. काका बराच वेळ बंदुकीकडे पाहत होते. मग म्हणाले, “तुजो बापूय खंयचें तेल घालतालो रे?”

शिवणयंत्राचे, आम्ही म्हणालो.

ते उठले, आत गेले, आणि आईच्या शिवणयंत्राच्या खणातली ती लांब चोचीची लहानशी तेलदाणी घेऊन बाहेर आले.