बाबांच्या ट्रकचा क्रँक

२०१२ च्या फेब्रुवारीत, पांढरकवड्याच्या अलीकडे, रात्री अकराच्या सुमारास बाबांच्या ट्रकचा क्रँकशाफ्ट तुटला. मागे कापसाच्या गाठी होत्या. बाबा सांगतात, आधी लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज आला आणि मग एकदम शांतता. यवतमाळला इंजिन उघडलं तेव्हा क्रँकचे दोन तुकडे ट्रेमध्ये पडले होते. सोबत ब्लॉक गेला, दोन कनेक्टिंग रॉड गेले आणि पुढच्या महिन्यात आईच्या पाटल्या गेल्या. दिवाळीपर्यंत ट्रकही विकला. त्यानंतर नऊ वर्षं बाबांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या.

सगळ्यांनी दोष दिला तो आधी बसवलेल्या बेअरिंगला. ‘डुप्लिकेट माल’ म्हटलं की आपल्याकडे चर्चा संपते. मीही मान हलवली. खरं म्हणजे त्याच्या तीन महिने आधी, आर्णी रोडवरच्या मामाजींच्या गॅरेजात, त्या इंजिनाचा डॅम्पर मी हातोड्याने ठोकून बसवला होता.

डॅम्पर म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक करून मी नुकताच बाहेर पडलो होतो. गॅरेजात त्याला सगळे ‘क्रँक पुली’ म्हणायचे. इंजिनाच्या पुढे असते, तिच्यावर पट्टा चढतो, पट्ट्यावर पंखा आणि डायनॅमो फिरतो. पुली ती पुली. तिच्यात रबर कशाला घातलंय, हा प्रश्न मला पडलाच नाही. पडायला हवा होता.

क्रँकशाफ्ट हा हाताएवढा जाड, पोलादी. तो पिळला जातो, हे कोणी सांगितलं तर हसू येईल. पण जातो. सिलिंडरमध्ये डिझेल पेटलं की पिस्टन त्याला एक झटका देतो. तेवढ्यापुरता तो केसभर पिळतो आणि परत सुटतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे तीन झटके. मिनिटाला २४०० फेरे धरले तर सेकंदाला १२०. लांब क्रँकला पिळून सुटण्याची स्वतःची एक लय असते. झटक्यांची लय तिच्याशी जुळली की नागपंचमीच्या झुल्यासारखं होतं. झुला परत येतो त्याच क्षणी मागून हलका धक्का देत राहा, लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला फांदीपर्यंत नेतं. क्रँकला मात्र फांदीपर्यंत जाता येत नाही. त्याला बारीक चीर पडते आणि ती रोज थोडी पुढे सरकते.

सहा सिलिंडरच्या मोटारी पहिल्यांदा आल्या, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तेव्हा बनवणाऱ्यांना हाच त्रास झाला. त्यावर उपाय शोधणाऱ्यांत फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज इंजिनिअर होता. क्रँकच्या टोकाला एक जड चकती, पण घट्ट न बांधलेली, अशी त्याची कल्पना. क्रँक झटक्याने पिळला तरी जड चकती आपल्याच गतीने फिरत राहते. दोघांमधल्या घासाघाशीत कंपनाची ताकद उष्णता होऊन निघून जाते.

आपल्या गाड्यांत बहुतेक वेळा मधे आतला हब, बाहेर जड रिंग आणि दोघांमध्ये रबर असतं. काही मोठ्या इंजिनांत रबराऐवजी बंद डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडून झणझणत राहतं आणि आई त्यावर नुसता पंजा ठेवते, आवाज बसतो. रबर म्हणजे तो पंजा.

आणि मी त्या पंज्यावर हातोडा मारला होता.

झालं असं की पुढच्या ऑइल सीलमधून तेल गळत होतं. कापसाचा सीझन, बाबांना सकाळी जिनिंगवर गाडी लावायची होती. मामाजी लग्नाला दिग्रसला गेलेले. मी बाहेरच्या रिंगला तीन पायांचा पुलर लावून डॅम्पर ओढून काढला. ही पहिली चूक, कारण असा ओढला की सगळा ताण रबरावर येतो. पुलरचे बोल्ट हबच्या आट्यांमध्ये लावायचे असतात, त्या आटे पाडलेल्या भोकांचा उपयोग तोच. नवीन सील टाकलं. डॅम्पर परत चढेना. मग सागाची फळी ठेवली आणि ठोकला. घाव कुठे पडतोय, हे रात्री दोन वाजता हॅण्डलॅम्पच्या उजेडात कोण बघतं! बसला. बोल्ट आवळला, हातच्या अंदाजाने, पान्ह्याला पाइप घालून.

आता मी हेच काम महिन्यातून एकदोनदा तरी करतो, आणि कसं करतो ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आधी हबची बाहेरची बाजू बघायची. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख अडकेल इतकी खाच पडली असेल, तर नवीन सीलसुद्धा गळणार. खाचेवर पातळ स्लीव्ह चढवायची. क्रँकच्या टोकावरची चावी जागेवर आहे का, तिचे कोपरे मोडलेत का, ते बोटाने चाचपायचं. सीलच्या ओठाला तेलाचा हात. मग हब सरळ समोर धरायचा, चावीची खाच चावीसमोर आणायची आणि हाताने जातो तेवढाच ढकलायचा.

पुढे मोह होतो तो क्रँकच्याच बोल्टने ओढून घेण्याचा. त्या वेळी बोल्टचे जेमतेम दोनतीन आटे धरलेले असतात. ते निघाले की क्रँकच्या आतले आटे गेले, आणि मग तुम्ही लेथवाल्याच्या दारात. त्यासाठी लांब आट्यांचा रॉड असतो. तो क्रँकमध्ये पुरेसा खोल घालायचा, बाहेरून बेअरिंग, वॉशर आणि नट. रॉड धरून ठेवायचा, नट फिरवायचा. डॅम्पर सरळ, कुरकुर न करता आत सरकतो. (मे महिन्यात मी तो आधी तासभर उन्हात ठेवतो. यवतमाळच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग व्हावा. बत्तीने मात्र तापवायचा नाही, रबर जळतं.) तळाला टेकला की नट एकदम जड होतो. मग बोल्ट, शक्यतो नवा, आणि कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याला टॉर्क रेंच. शेवटी हबपासून रिंगपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायची. काही महिन्यांनी त्या रेघेचे दोन तुकडे मागेपुढे दिसले, तर रबर सुटलं आणि डॅम्पर गेला.

बाबांच्या इंजिनावरच्या डॅम्परला अशी रेघ नव्हती. तुटलेला क्रँक भंगारात गेला, पण डॅम्पर मी ठेवून घेतला होता. खूप नंतर तो नीट बघितला. रबर एका बाजूने बाहेर आलेलं, रिंग वेडीवाकडी. हातोड्याने झालं की आधीच तेल खाऊन सडलं होतं? क्रँकला चीर आधीपासून होती का? असेलही. माझी सुटका होईल इतकी खात्री मात्र त्यातून मिळत नाही.

या वर्षी उन्हाळ्यात एक सहा सिलिंडरची गाडी कामाला आली होती. बाबा आता गाडी चालवत नाहीत, दुपारी गॅरेजात येऊन बसतात. माझ्याकडे शिकणाऱ्या पोराने डॅम्पर चढत नाही म्हणून हातोडा उचलला आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो, की रस्त्यापलीकडचा चहावाला बघायला लागला. पोरगं बावरलं. बाबा म्हणाले, “काहून एवढा भडकतं रे त्याच्यावर?”

तेव्हा मी सांगितलं. हात पुसत, त्यांच्याकडे न बघता. लग्न, सील, फळी, सगळं.

बाबांनी चहा संपवला.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले. “म्हंजे तू ठोकलं हे नाही. पण गाडीत कायतरी बिघडलं हे. जानेवारीपासून एका ठरावीक स्पीडले सारी केबिन थरथरे. आरशात मागचं काही दिसे नाही. त्याच्या वर न्या, बंद. खाली आणा, बंद.”

“मग मामाजींना दाखवलं का नाही?”

“सीझन होता ना लेका. चार दिवस गाडी उभी केली तं हप्ता कोण भरते? मी तेवढी स्पीड टाळत गेलो. पांढरकवड्याच्या चढावर नाही टाळता आली.”

ते दहा वर्षं हे कोणाला बोलले नव्हते. आईलाही नाही.

पोरगं अजून हातोडा धरून उभं होतं. मी त्याला लांब आट्यांचा रॉड आणायला सांगितलं. नट बाबांनी फिरवला, त्यांच्या हट्टाने, अर्ध्यावर दम लागला तेव्हा मी घेतला. रेघ त्यांनीच मारली, पिवळ्या रंगाने, जरा जास्तच जाड. गाडीवाला म्हणाला, एवढी जाड कशाला? बाबा म्हणाले, “रात्रीचीही दिसली पाह्यजे.”